बिट महागलं म्हणून बोअरचा फूट दर किती वाढायला हवा?

नगर जिल्ह्यात या दिवसांत बोअर मारायला गाडी बोलावली की एक नवीन वाक्य ऐकायला मिळतं. "चायनानं माल अडवलाय, बिट लई महाग झालंय, फुटामागं वीस रुपये जास्त पडतील." माझं गाव पारनेर तालुक्यात. इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं केलं आणि नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची करतो, त्यामुळे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा काही मेसेज आला की खाली हमखास मला टॅग केलं जातं, "इंजिनिअर साहेब, हे खरं आहे का?"

उत्तर असं आहे की वाक्याचा पहिला भाग खरा आहे. चीनने खरंच माल अडवला आणि बिटमधला धातू खरंच महागला. पण त्यावरून फुटामागे वीस रुपये निघत नाहीत. ते का निघत नाहीत, हे समजायला फोनमधला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

बिटच्या तोंडावरची ती बटनं कसली असतात?

बोअरच्या गाडीत खडकाला थेट भिडणारा भाग म्हणजे बिट. त्याच्या मागे हॅमर असतो. कॉम्प्रेसरची हवा हॅमर चालवते, हॅमर बिटवर ठोके देतो आणि बिट फिरत फिरत खडकाचा चुरा करतं. बिटची बॉडी पोलादाची असते, पण खडक फोडण्याचं काम तिच्या तोंडावर ठोकून बसवलेली गोल बटनं करतात. ही बटनं टंगस्टन कार्बाइडची असतात.

टंगस्टन हा सर्वात जास्त तापमानाला वितळणारा धातू. त्याचा वितळणबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे. कार्बनबरोबर त्याचं संयुग केलं की अतिशय कठीण भुकटी मिळते. ती कोबाल्ट या धातूच्या साहाय्याने दाबून, भाजून घट्ट करतात. वाळू-खडीला सिमेंट धरून ठेवतं, तसं कार्बाइडच्या कणांना कोबाल्ट धरून ठेवतो. कोबाल्ट जास्त असेल तर बटन फुटत नाही, पण लवकर झिजतं. कमी असेल तर झिजत नाही, पण ठोक्याने फुटण्याची भीती असते. बिट निवडण्याचा निम्मा प्रश्न या एका वाक्यात आहे.

हा पदार्थ फक्त बोअरवाल्यांचा नाही. तुमच्या फोनमधला सर्किट बोर्ड बनवताना त्याला केसाएवढी बारीक भोकं पाडतात, ती कार्बाइडच्या ड्रिलने. फोन व्हायब्रेट होतो तेव्हा आत एक छोटं जड वजन हलत असतं, तेही बऱ्याचदा टंगस्टनच्या मिश्रधातूचं असतं. कॅनडासारख्या थंड देशांत बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या स्कीखाली कार्बाइड बसवलेल्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या की गाडी वळवली तरी सरळच घसरते, म्हणून तिथले लोक त्या बदलत राहतात. कोणती पट्टी घ्यायची, महागडी परवडते का, असा घोळ त्यांचाही असतो. म्हणजे पारनेरचा बोअरवाला आणि कॅनडातला स्नोमोबाइलवाला एकाच धातूच्या बाजारात उभे आहेत.

४ फेब्रुवारी २०२५ ला काय झालं?

जगात खाणीतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के एकट्या चीनमधून येतं. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनने टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम या पाच धातूंशी संबंधित वस्तूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्याच दिवशी चिनी मालावर अमेरिकेचं १० टक्के जादा शुल्क लागू झालं होतं, त्यामुळे हे त्याला उत्तर होतं हे उघड होतं.

लक्षात घ्या, ही बंदी नव्हती. माल विकायचा तर आधी परवाना घ्या, तो कोण वापरणार ते सांगा, एवढंच. पण परवान्याला वेळ लागतो आणि वेळ लागला की बाजारात माल कमी पडतो. त्यात २०२५ च्या पहिल्या टप्प्यासाठी चीनने आपला खाणींचा कोटाही ६२,००० टनांवरून ५८,००० टनांवर आणला.

परिणाम दरात दिसला. टंगस्टनचा आंतरराष्ट्रीय भाव अमोनियम पॅराटंगस्टेट या कच्च्या मालावर ठरतो आणि तो 'मेट्रिक टन युनिट' या विचित्र मापात सांगतात. नावात टन असला तरी हे माप १० किलो टंगस्टन ऑक्साइडचं आहे आणि त्यात निव्वळ टंगस्टन ७.९३ किलो असतं. २०२५ च्या सुरुवातीला या एका युनिटचा भाव साधारण ३५० डॉलरच्या आसपास होता. वर्ष संपेपर्यंत तो दुपटीच्याही वर गेला.

म्हणजे "चायनानं माल अडवलाय" हे बरोबर. आता पुढचं बघू.

दुप्पट भावाचे फुटामागे किती रुपये होतात?

आपल्याकडे शेतीसाठी बहुतेक साडेसहा इंची बोअर मारतात. तेवढ्या बिटवर साधारण १४ ते १६ बटनं असतात. बटनाचा आकार आणि कार्बाइडची घनता धरून हिशेब केला तर सगळ्या बटनांचं मिळून वजन किलोभर भरतं. कार्बाइड पाण्याच्या जवळपास १५ पट जड असतं. त्या किलोभरातला कोबाल्ट आणि कार्बन वजा केला की निव्वळ टंगस्टन उरतं सुमारे ०.८५ किलो.

आता गुणाकार. जुन्या भावाने ३५० डॉलरला ७.९३ किलो, म्हणजे किलोला सुमारे ४४ डॉलर. ०.८५ किलोचे झाले साडेसदतीस डॉलर. डॉलर ८८ रुपये धरा. एका बिटमधलं टंगस्टन जुन्या भावाने ३,३०० रुपयांचं.

भाव दुप्पट झाला तर एका बिटमागे ३,३०० रुपये वाढले. तिप्पट झाला तर ६,६०० वाढले.

एक बिट किती फूट चालतं हे खडकावर आणि चालवणाऱ्यावर अवलंबून असतं. हिशेबासाठी ३,००० फूट धरू. ३,३०० भागिले ३,०००, म्हणजे फुटामागे १ रुपया १० पैसे. तिप्पट भावाने २ रुपये २० पैसे. कारखानदार, आयातदार, दुकानदार यांनी आपापला नफा आणि कर लावून ही वाढ दुप्पट केली असं धरलं, तरी भाव तिप्पट होऊनही फुटामागे साडेचार रुपयांच्या आतच राहतो. ३०० फुटांच्या बोअरला जास्तीत जास्त १,३०० रुपयांच्या आसपास.

हाच हिशेब उलटा करा. बिटमुळे फुटाला २० रुपये वाढायचे असतील, तर ३,००० फुटांना ६०,००० रुपये होतात. एका बिटची किंमत ६०,००० रुपयांनी वाढली तरच ती वाढ बिटच्या नावावर टाकता येईल. बिट तुमच्या गाडीवाल्याकडे ३,००० फुटांऐवजी १,५०० फूटच चालत असेल तर माझे आकडे दुप्पट करा. तरीही वीसच्या जवळ पोहोचत नाहीत.

याचा अर्थ गाडीवाला लुबाडतोय असा सरळ काढू नका. डिझेल, मजुरी, गाडीचे हप्ते, हॅमरची दुरुस्ती हे खर्च खरे आहेत आणि त्यासाठी दर वाढवणं रास्त असू शकतं. पण मग कारण ते सांगावं. चीनचं नाव पुढे केलं की समोरचा माणूस गप्प बसतो, कारण चीनशी भांडायला कोण जाणार?

महाग बिटपेक्षा बोथट बिट महाग

या सगळ्यात शेतकऱ्याचं खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं.

बोअरच्या खर्चात मोठा वाटा डिझेलचा. समजा एका फुटाला अर्धा लिटर डिझेल लागतं आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. फुटाला ४५ रुपये झाले. आता बिटची बटनं झिजून चपटी झाली आणि फुटाला पाव जास्त वेळ लागायला लागला. कॉम्प्रेसर तेवढाच जोरात चालू आहे, म्हणजे डिझेलही पाव जास्त. फुटाला ११ रुपये वाढले. टंगस्टनचा भाव तिप्पट होऊनही जेवढी वाढ होत नव्हती, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नुकसान एका बोथट बिटने केलं.

बिट महागलं की माणसाला वाटतं, आहे तेच अजून थोडं ओढू. हीच महागाईची खरी चटक. गाडीवाला २,००० रुपये वाचवतो आणि डिझेलमध्ये त्याच्या कितीतरी पट घालवतो.

शेतकऱ्याचं नुकसान याहून वाईट. बिटच्या कडेची बटनं झिजली की भोक बारीक होत जातं. बिल साडेसहा इंचाचं होतं आणि खाली भोक सव्वासहाच असतं. वरून केसिंग बसतं, सगळं ठीक दिसतं. खाली मोटर सोडताना ती अडकली की कळतं. आणि अर्ध्या बोअरमध्ये झिजलेलं बिट काढून नवीन घातलं तर नवीन बिट जाड असतं, ते जुन्या बारीक भोकात अडकून बसू शकतं. म्हणून बिट बदलायचं ते बोअर सुरू करायच्या आधी. झिजलेलं बिट कडेला मापून ठेवायचं, मध्येच बदलायची वेळ आली तर नवं नाही, तेवढ्याच जाडीचं जुनं लावायचं.

पारनेरच्या खडकाला कोणतं बिट?

आपल्या तालुक्याखाली बेसाल्ट आहे, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. वर मुरूम, मग कुठे मांजऱ्या, मध्येच लाल मातीसारखा थर आणि मग पुन्हा घट्ट काळा दगड. बेसाल्ट कठीण असतो, पण त्यात गारगोटीचा अंश फार कमी. ग्रॅनाइटमध्ये तो भरपूर असतो, त्यामुळे ग्रॅनाइट बटनांना कानशीसारखा घासतो. बोअरच्या बऱ्याच गाड्या तमिळनाडूच्या तिरुचेंगोडच्या आहेत. त्या आज ग्रॅनाइटमध्ये आणि महिन्याने बेसाल्टमध्ये असतात. तेच बिट दोन्हीकडे सारखं चालेल असं नाही.

बिट घेताना किंवा गाडीवाल्याशी बोलताना चार गोष्टी बघायच्या.

एक, शँक. बिटचा मागचा भाग हॅमरच्या मॉडेलशी जुळलाच पाहिजे. इथे "चालून जाईल" हा प्रकार नाही.

दोन, बटनाचा आकार. अर्धगोल बटनं सावकाश पण टिकाऊ. टोकदार बटनं मऊ-मध्यम खडकात भराभर जातात, पण घट्ट पाषाणात फुटण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे कडेला अर्धगोल बटनं असलेली बरी, कारण सर्वात जास्त मार कडेलाच बसतो.

तीन, बिटचं तोंड. मध्ये खोलगट असलेलं बिट भोक सरळ ठेवायला मदत करतं. सपाट तोंड कठीण खडकाला चालतं. बाहेर फुगलेलं तोंड मऊ थरात वेगाने जातं. थर बदलत राहतात तिथे सरळ भोक महत्त्वाचं, कारण वाकडं भोक मोटरला आयुष्यभर त्रास देतं.

चार, धार. बटनाचा माथा झिजून सपाट होतो. तो सपाट गोल बटनाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की ग्राइंडरवर बटनाला पुन्हा गोलाई द्यायची, असा या धंद्यातला सर्वसाधारण नियम आहे. १६ मिलिमीटरच्या बटनाला साधारण ५ मिलिमीटर. त्यापुढे ओढलं की बटनावर सापाच्या कातडीसारख्या बारीक भेगा येतात आणि मग ते एका ठोक्यात उडतं. उडालेला तुकडा भोकातच राहतो आणि बाकीची बटनं त्याच्यावर आपटून फुटतात.

शेतकऱ्याच्या घरातल्या पोरापोरींसाठी काम सोपं आहे. गाडी आली की बोअर सुरू व्हायच्या आधी बिटच्या तोंडाचा फोटो काढा. शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे बिटची रुंदी आणि बटनांचा चपटेपणा दोन्ही दिसतील. एका रॉडची लांबी विचारून घ्या आणि रॉड उतरताना मोजत राहा. फूट किती झाले हे शेवटी कुणाच्या तोंडावर सोडायची गरज पडत नाही. यात कुणावर संशय घेण्यासारखं काही नाही. पेट्रोल भरताना आपण मीटरवर शून्य बघतोच ना?

सुप्याच्या शॉपमध्ये गणित वेगळं आहे

पारनेर तालुक्यात कार्बाइडचा दुसरा ग्राहक सुपा एमआयडीसीत आहे. माझ्या वयाची किती तरी पोरं तिथल्या सीएनसी मशीनवर काम करतात. टर्निंगला लागणारी छोटी चौकट, जिला सगळे इन्सर्ट किंवा टिप म्हणतात, ती जवळजवळ पूर्ण कार्बाइडचीच असते. बिटमध्ये किलोभर कार्बाइडमागे कित्येक किलो पोलाद असतं. इथे पोलाद नाहीच. त्यामुळे भाववाढ थेट किमतीत उतरते. लहान जॉबवर्कवाल्याचा दर नगामागे आधीच ठरलेला असतो, तो मोठ्या कंपनीकडून वाढवून मिळायला महिने जातात. तोपर्यंत वाढ त्याच्या खिशातून.

इथे निवडीचा नियम सोपा आहे. इन्सर्टची किंमत बघू नका, एका कडेची किंमत बघा. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला नेहमीच्या कामात ४ कडा मिळतात, डब्ल्यूएनएमजीला ६. मशीन आणि जॉबला चालत असेल तर सहा कडांचं इन्सर्ट थोडं महाग असूनही स्वस्त पडतं. आणि एक कड न वापरता इन्सर्ट डब्यात टाकलं तर तेवढे पैसे डब्यात गेले.

वापरलेली इन्सर्ट आणि झिजलेली बिटं लोखंडाच्या भंगारात घालू नका. कार्बाइडचं भंगार वेगळं विकलं जातं आणि त्याला लोखंडाच्या कित्येक पट भाव असतो, कारण त्यातलं टंगस्टन पुन्हा काढता येतं. झिजलेल्या बिटवरही बटनांचा मोठा भाग बॉडीत शिल्लक असतो. टंगस्टन महागलं की हे भंगारही महागतं. बिटच्या महागाईची तक्रार करणाऱ्याने जुनं बिट किलोवर लोखंडाच्या भावात विकलं, तर वाढीतला बराचसा पैसा त्याने स्वतःच सोडून दिला.

आपल्याकडे टंगस्टन नाही का?

आहे, पण खाणीतून निघत नाही. राजस्थानात डेगाण्याला जुनी खाण होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची नोंद आहे. केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टंगस्टन आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये अशा खनिजांसाठी राष्ट्रीय मोहिमेला मंजुरीही मिळाली.

पण खाण काढणं सोपं नाही. तमिळनाडूत मदुराईजवळच्या नायक्करपट्टी टंगस्टन ब्लॉकचा लिलाव नोव्हेंबर २०२४ मध्ये हिंदुस्तान झिंककडे गेला. त्या पट्ट्यात अरिट्टापट्टी हे जैवविविधता वारसा स्थळ येतं. गावं रस्त्यावर उतरली, विधानसभेने विरोधात ठराव केला आणि २३ जानेवारी २०२५ ला केंद्राने लिलाव रद्द केला. त्यानंतर बरोबर १२ दिवसांनी चीनची घोषणा आली. गावकऱ्यांचं म्हणणं पाणी आणि शेतीचं होतं, ते कुणी चूक म्हणू शकणार नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की आपलं बिट अजून काही वर्षं बीजिंगच्या परवान्यावर अवलंबून राहणार. दक्षिण कोरियातली सांगडाँगची खाण १९९० च्या दशकात बंद पडली होती, ती पुन्हा उभी करायलाही वर्षं लागली.

सगळ्यात स्वस्त फूट

बिट कितीही चांगलं निवडलं तरी ते भोक पाडतं, पाणी आणत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे साधारण २०० फुटांपुढच्या विहिरीला खोल विहीर म्हटलंय आणि शेती-उद्योगासाठी तशी विहीर घेण्यावर बंधन आहे. बोअरच्या गाडीची नोंदणीही त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे किती फूट जातात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने आणि शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने आधी पाणी अडवलं, जिरवलं. हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं. खाली न गेलेला फूट सर्वात स्वस्त, त्याला बिट लागत नाही आणि डिझेलही नाही.

तरीही बोअर घ्यावीच लागली आणि गाडीवाल्याने बिटचं कारण सांगितलं, तर तीन आकडे विचारा. बिट केवढ्याला घेतलं, आधी केवढ्याला मिळायचं आणि एक बिट किती फूट चालतं. पहिल्यातून दुसरा वजा करा, तिसऱ्याने भागा. जो आकडा येईल तेवढी वाढ बिटची. बाकीची कशाची आहे, ते मग निवांत चहा घेत बोलता येईल.